पेशीच्या अंगावरची साखर

प्राण्यांच्या पेशींवरील काही प्रथिनांना शर्करेच्या लांबलचक साखळ्या जोडलेल्या असतात. ही प्रोटिओग्लायकन्स. गर्भाच्या जडणघडणीत त्यांतली सर्वांत महत्त्वाची साखळी हेपारान सल्फेटची; रक्त गोठू नये म्हणून टोचतात त्या हेपारिनची ही सख्खी बहीण. ती वागवणारी प्रथिने मुख्यतः दोन कुळांतली. सिंडेकन पेशीपटलातून आरपार गेलेले असते, तर ग्लायपिकन पटलाच्या बाहेरच्या अंगाला मेदरेणूने टाचलेले. माणसात सिंडेकन ४ आणि ग्लायपिकन ६ प्रकारची आहेत.

साखळीवर जागोजागी सल्फेट असल्याने तिच्यावर भरपूर ऋणभार असतो. धनभारित भाग असलेले वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढण्याचा वा रूप बदलण्याचा संदेश देणारी प्रथिने, तिला चिकटतात. हे चिकटणे किती मोलाचे, ते १९९१ मध्ये स्पष्ट झाले. हेपारान सल्फेट बनवू न शकणाऱ्या पेशींवर एफजीएफ या वृद्धिघटकाचा ग्राही होता, तरी एफजीएफ त्याला नीट जोडले जाईना. हेपारिन घालताच जोडले गेले. साखळी इथे नुसती साठवण करत नाही, संदेश स्वीकारण्यातच भाग घेते.

संदेश किती दूर जाणार, हेही तीच ठरवते. याचा सर्वांत सुंदर पुरावा फळमाशीने दिला. अळीच्या पोटात भावी पंखाची पेशींची चपटी पिशवी असते. तिच्या एका अर्ध्या भागातल्या पेशी हेजहॉग हे प्रथिन बनवतात आणि ते सीमा ओलांडून पलीकडच्या पेशींपर्यंत जाते. साखळी लांबवणारे विकर ज्या जनुकामुळे बनते, ते ‘टू-व्हेलू’ जनुक संशोधकांनी पिशवीतल्या मोजक्याच पेशींत बिघडवले. या पेशींचा अरुंद पट्टा वाटेत आला की हेजहॉग तिथेच अडे. पट्ट्यापलीकडच्या पेशी स्वतः धडधाकट असूनही त्यांना संदेश मिळत नसे. म्हणजे पेशीवरची साखळी केवळ त्या पेशीच्या कामाची नाही. शेजारणीला काय मिळणार, तेही तिच्यावर अवलंबून असते.

फळमाशीच्याच ‘डॅली’ या ग्लायपिकनचे जनुक १९९५ मध्ये सापडले. पंखाच्या मध्यपट्टीतून पसरणारे डीपीपी हे प्रथिन उगमाजवळ दाट आणि दूरवर विरळ असते. आपण पंखात नेमक्या कुठे आहोत, हे पेशींना या दाटीवरून कळते. डॅली डीपीपीला पेशीच्या पृष्ठभागावर टिकवून धरते. ती नसेल तर डीपीपीचा पल्ला घटतो, पंख लहान राहतो आणि त्यावरची एक शीर अर्धवट उमटते.

एवढ्यावरून ग्लायपिकन वाढीला मदतच करते असे मानणे मात्र घाईचे ठरेल. माणसातल्या ग्लायपिकन-३ चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडले की सिम्पसन-गोलाबी-बेहमेल सिंड्रोम होतो, हे १९९६ मध्ये कळले. यात जन्माआधीपासूनच शरीर प्रमाणाबाहेर वाढते. उंदरांवरील प्रयोगांत याचे एक कारण दिसले: ग्लायपिकन-३ हेजहॉगला ग्राहीपर्यंत न पोहोचू देता स्वतःच धरते आणि पेशीत ओढून नष्ट करवते. तेव्हा परिणाम कोणता होणार, हे ग्लायपिकन कोणते, संदेश कोणता आणि ऊतक कोणते यावर ठरते.

‘टू-व्हेलू’चे मानवी भावंड म्हणजे ईएक्सटी-१. त्यात दोष असलेल्या मुलांच्या हाडांवर, वाढीच्या कूर्चेजवळ, कूर्चेची टोपी असलेले हाडाचे उंचवटे येतात. उंची वाढायची थांबली की त्यांची वाढही बहुधा थांबते.