विनोदकाराची वाटचाल: पु. ल. देशपांडे, दिल्लीची दूरचित्रवाणी आणि एकपात्री प्रयोग

आज स्टँड-अप करणारा कलावंत आणि टीव्हीसाठी विनोदी संहिता लिहिणारा लेखक पुष्कळदा एकच असतो. पण विनोदकाराला उपजीविका देते ते माध्यम कोणते, आणि का? पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

दिल्लीतील सुरुवात

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. आकाशवाणीतील पु. ल. बीबीसीत प्रशिक्षण घेऊन या नव्या केंद्रात निर्माते झाले. पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. मात्र प्रसारण आठवड्यातून दोनदाच, तेही थोडाच वेळ होई. दिल्लीत संच मोजकेच होते. रोजचे प्रसारण सुरू व्हायला १९६५ उजाडले. तेव्हा हाताशी विनोदी लेखक असला तरी त्याच्यासाठी घरोघरचा प्रेक्षक नव्हता.

रंगमंचाकडे

पु. लं.नी नोकरी सोडली. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ मध्येच आले होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्याचा एकपात्री प्रयोग केला. सोकाजीनाना त्रिलोकेकर, आचार्य बर्वे अशी चाळीतली माणसे एकच नट आवाज, हातवारे आणि बोलण्याच्या लकबी बदलून उभी करी. आवाजातून माणूस उभा करणे हा रेडिओचाच धडा होता.

येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्या. हशा संपण्याआधी पुढचे वाक्य बोलले तर ते ऐकू जात नाही. फार थांबले तर रंग उतरतो. हे माप समोरचा प्रेक्षकच शिकवतो. प्रेक्षकांविना चाललेल्या स्टुडिओत ते कळत नाही. म्हणूनच ‘चाळी’च्या शेवटचे गंभीर ‘चिंतन’ अवघड ठरते: दोन तास हसवलेल्या लोकांना शांत करायचे असते.

टीव्हीचे दार उघडले तेव्हा

१९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ आली. तिचे लेखक शरद जोशी हे हिंदीतील व्यंग्यकार. कविसंमेलनांच्या मंचावर गद्य वाचून त्यांनी श्रोते मिळवले होते. म्हणजे मंचावर तयार झालेला लेखक टीव्हीने उचलला. पु. लं.च्या दिल्लीतील दिवसांनंतर पाव शतकाने ही बाजारपेठ उभी राहिली.

सारांश

गुणवत्ता असूनही माध्यम अपुरे असू शकते. अशा वेळी वाट पाहत बसण्यापेक्षा, आज प्रेक्षक जिथे आहे तिथे कला घासून घेणे शहाणपणाचे ठरते. तुम्ही पाच मिनिटांच्या ओपन माइकसाठी लिहीत असाल, तर हे पारखून पाहा.

स्वाध्याय

तुमच्या ओळखीच्या एका माणसाचे वर्णन दहा वाक्यांत लिहा. ते चार जणांसमोर मोठ्याने वाचा. लोक जिथे हसले तिथे खूण करा, आणि जिथे तुम्ही हशाची अपेक्षा केली होती त्या जागांशी ताडून पाहा.