लांडग्याची शिकार करावी का?

गेल्या उन्हाळ्यात आमचं कोकरू लांडग्यानं नेलं. मी लई रडलो. आजोबा म्हणाले, "मारलाच पाहिजे त्याला!" मी गुरुजींना विचारले.

इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की सरकार बक्षीस देत असे. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे. लांडगा माळरानावरचे ससे, उंदीरही खातो. उंदीर लई वाढले तर पिकाची नासाडी होते. शेळी-मेंढी मारली तर वनखात्याला लगेच कळवावे. पंचनामा होऊन भरपाई मिळते.

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची रीत आहे. पण कोकरांच्या वाड्याला दार हवंच! आजोबांनी आता काट्यांचं कुंपण घातलंय, कुत्रा पाळलाय. म्हणून मला वाटते, शिकार नको, राखण करावी.