जुन्या मोटारींचे इंजिन-शीतन (वऱ्हाड)

जुन्या मोटारींचे इंजिन-शीतन म्हणजे जुन्या बनावटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्यासाठी केलेली दुरुस्ती व सुधारणा होय. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, पूर्णा खोऱ्यातील खारे भूजल आणि मेळघाटातील चढ यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी
भारतातील जुन्या मोटारींमध्ये हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर आणि प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची, फियाट ११०० वर आधारित प्रीमिअर पद्मिनी या सर्वाधिक परिचित होत. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिचे प्रदीर्घ काळ वापरात असलेले पेट्रोल इंजिन १,४८९ घनसेंमी, तर पद्मिनीचे १,०८९ घनसेंमी क्षमतेचे होते. दोन्हींत पंपाने फिरवलेले पाणी इंजिनातील उष्णता रेडिएटरकडे नेते आणि तेथे ती हवेत सोडली जाते.

उन्हाळ्याचा परिणाम
रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे प्रामुख्याने आतील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश सेल्सिअस व हवा ३० अंश असताना हा फरक ६० अंशांचा असतो. मे महिन्यात अकोल्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. त्यामुळे हिवाळ्यात जाणवत नसलेला लहानसा दोषही उन्हाळ्यात उघड होतो.

खारे पाणी
तापीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी रेडिएटरसाठी अयोग्य ठरते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर धातूवर थर धरतात. हा थर लोखंड व पितळेपेक्षा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या बुजवतो. पाण्यातील क्लोराइडमुळे गंज वाढतो. पद्मिनीसारख्या इंजिनात ओतीव लोखंडाचा ब्लॉक व ॲल्युमिनियमचे हेड एकाच पाण्याच्या संपर्कात असल्याने ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक घटक असलेले कुलंट वापरणे हिताचे असते. पाणी उकळून घेतल्याने त्यातील मीठ जात नाही.

दोषनिदान
गाडी गर्दीत किंवा उभी असताना तापत असेल, पण वेगात थंड राहत असेल, तर हवेचा प्रवाह अपुरा असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी पंखा, फॅन बेल्ट आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेली धूळ व कापसाचे तंतू तपासले जातात. याउलट महामार्गावर वेग वाढताच तापमान चढत असेल, तर बुजलेल्या नळ्या, झिजलेला पंप किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा होजपाइप यांचा संशय घेतला जातो. मागे पडलेले इग्निशन टायमिंग, हवा जास्त व पेट्रोल कमी असलेले मिश्रण आणि चिकटणारे ब्रेक यांमुळेही इंजिन तापते.

सुधारणा
नवे भाग जोडण्याआधी मूळ यंत्रणा पूर्ववत करणे हा पहिला टप्पा असतो. त्यात ब्लॉकमधील गाळ काढणे, रेडिएटर उघडून नळ्या साफ करणे किंवा कोअर बदलणे आणि जुने होजपाइप बदलणे यांचा समावेश होतो. रेडिएटर व पंखा यांच्यामध्ये पत्र्याचे आवरण बसवल्यास पंखा रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागातून हवा ओढतो. विजेवर चालणारा पंखा संथ रहदारीत उपयुक्त असला, तरी डायनामो असलेल्या गाडीत तो भार पेलला जाईल का, हे आधी तपासावे लागते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा कायमचा उपाय नव्हे. तसे केल्यास इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, झीज व पेट्रोलचा वापर वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

चढावरील प्रवास
चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९६ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण अर्धा बार जादा दाब धरत असेल, तर सपाटीवर हा उत्कलनबिंदू ११० अंशांपर्यंत जातो. त्यामुळे परतवाड्याकडून घाट चढताना, जेथे वेग कमी व इंजिनावरील भार जास्त असतो, झाकणाचे झिजलेले रबर पाणी उकळण्यास कारणीभूत ठरू शकते. मात्र मूळ मापापेक्षा अधिक दाबाचे झाकण बसवल्यास जुने सांधे फुटण्याचा धोका असतो.

सुरक्षितता
तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकदम सुटून उकळते पाणी अंगावर उडते. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ देणे आवश्यक असते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कुलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे लागते.