दर गावाला पाटील, दर गडाला सरनोबत

कोल्हापुरात शाहूपुरीतून रिक्षानं उजळाईवाडीच्या विमानतळाकडं निघालं की वाटेत सरनोबतवाडीची पाटी लागते. इतकी वर्षं ती पाटी डोळ्यांखालून गेली, पण तिचा अर्थ विचारायची बुद्धी झाली नव्हती. ती झाली शेजारच्या आठवीतल्या पोरामुळं. तो रिक्षात माझ्या शेजारी बसला होता. पाटी वाचून म्हणाला, “काका, सरपंच म्हणजे पंचांचा मुख्य. मग सरनोबत म्हणजे नोबतांचा मुख्य काय? आणि नोबत म्हणजे कोण ओ?”

पोरगं निम्मं बरोबर होतं. ‘सर’ म्हणजे फारसीत डोकं, मुख्य. सरदेसाई, सरदेशमुख, सरपोतदार, सरनाईक, सरलष्कर ही सगळी याच एका डोक्याची भावंडं. राहिला ‘नोबत’. हा ‘नौबत’ शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा पहिला अर्थ पाळी. रात्रीच्या पहाऱ्याची पाळी, म्हणून पहारा आणि पहारेकरी. पाळी बदलली की राजवाड्याच्या दारावर नगारा वाजायचा, म्हणून पुढं नगाराही नौबतच झाला. आपल्या जुन्या राजवाड्याजवळच्या नगारखान्याच्या कमानीखालून जाताना वर बघावं, ती या नौबतीची जागा. आणि मराठीनं यात केलेली गंमत तर कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘माझ्यावर ही नौबत आली’ असं आपण म्हणतो आणि ‘माझ्यावर ही पाळी आली’ असंही म्हणतो. दोन्ही वाक्यं शब्दाला शब्द एकच आहेत, एक अरबीतून आलंय आणि एक घरचं आहे. माणसावर संकट येतं ते पाळीपाळीनं, असा समज अरबस्तानात होता आणि इकडंही होता म्हणायचा.

तर सरनोबत म्हणजे पाळीवरच्या शिपायांचा मुख्य, आणि तिथून वाढत वाढत सगळ्या सैन्याचा मुख्य. शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे नेतोजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते हे सरनोबत. पायदळाचे सरनोबत येसाजी कंक. प्रतापराव पडले ते आपल्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत, फेब्रुवारी १६७४ मध्ये, सहा साथीदारांसह. त्यांचं मूळ नाव कुडतोजी, प्रतापराव हा किताब. त्यांच्या मागून आलेल्या हंबीररावांचं नाव हंसाजी. म्हणजे ज्यांना आपण नावानं ओळखतो असं समजतो, त्यांना खरं तर किताबानंच ओळखतो.

इथं मला राहवलं नाही आणि मी जर्मनीत शिरलो. याचं कारण असं, की आडनावांच्या मागं हात धुऊन लागावं तर जर्मन माणसांनी. तिथल्या अभ्यासकांनी २००५ सालची टेलिफोनची सगळी यादी घेतली आणि कुठलं आडनाव कुठल्या भागात किती दाट आहे याचे नकाशे काढले, त्याचे जाडजूड खंड केले. त्या देशात ‘मार्शाल’ असं एक आडनाव आहे. जगभरच्या फौजांत मार्शल हा केवढा मोठा हुद्दा! पण शब्द फोडला तर जुन्या जर्मनमध्ये ‘मारह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. घोड्याचा चाकर तो मार्शल. पागेतला माणूस वाढत वाढत सेनापती झाला. आपल्याकडं पहाऱ्याची पाळी लावणारा माणूस सेनापती झाला. दोन्ही शब्दांना एकमेकांची गंधवार्ता नाही, चाल मात्र एकच. मला तर वाटतं राजाच्या दाराशी आणि राजाच्या घोड्याशी जो माणूस रोज उभा असतो, त्याच्याच हाती शेवटी फौज जाते.

आता पोराचा दुसरा प्रश्न. “मग माझ्या वर्गात सात पाटील आणि सरनोबत एकही नाही, असं का?”

माझ्या घरी एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती. तिच्यात ‘पाटील’ सुरू झाले की पानांमागून पानं उलटत जायची, अंगठा दुखायचा. जनगणना माणसं मोजते, पण आडनावांचे आकडे काही छापत नाही, म्हणून असल्या कामाला डिरेक्टरी, मतदार यादी नाहीतर लग्नाच्या पत्रिका. पण खरं उत्तर यादीत नाही, नोकरीत आहे. आडनाव हुद्द्यावरून पडलं असेल तर ते किती घरांत सापडेल हे ठरतं त्या हुद्द्याच्या किती जागा होत्या यावर. पाटील दर गावाला एक. महाराष्ट्रात आज चाळीस हजारांवर गावं आहेत. कुलकर्णी दर गावाला एक, नाहीतर दोनचार गावं मिळून एक. चौगुला पाटलाच्या हाताखाली. ही वतनं बापाकडून लेकाकडं जायची, भावांत वाटली जायची, म्हणून हुद्दा घराला चिकटला आणि घर वाढलं तसं आडनावही वाढलं.

सरनोबताच्या जागा किती? फौजेची उतरंड बघा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि त्या सगळ्यांवर सरनोबत. गुणाकार केला तर एकट्या पंचहजाऱ्याच्या हाताखाली अडीचशे हवालदार येतात. वरचा सरनोबत एकच. हे सगळं एवढ्यावर थांबलं असतं तर सरनोबत आडनाव एखाद्या घरापलीकडं गेलंच नसतं. पण गडांवरही सरनोबत असायचा. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे कारभारी, म्हणजे एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये. स्वराज्यात गड दोनशेहून अधिक. म्हणून सरनोबत दुर्मीळ झाले, पण एकुलते एक राहिले नाहीत. चाळीस हजारांपुढं दोनशे. पोराच्या वर्गातला हिशेब जवळपास इथंच सुटतो.

जर्मनीतलं सगळ्यात मोठं आडनाव म्युलर, म्हणजे पिठाच्या चक्कीवाला. चक्की दर पंचक्रोशीला लागायचीच. पाटलाचा जर्मन जुळा तर मला फारच आवडला. ‘शुल्टहाइस’ म्हणजे गावाचा मुख्य, आणि शब्दाचा अर्थ देणं भरायला सांगणारा. सारा वसूल करणारा पाटीलच तो! त्याचं आडनाव झालं, पण बोलीबोलीप्रमाणं कुठं शुल्त्स, कुठं शोल्त्स, कुठं शुल्ते. मतं फुटावीत तसं फुटलं. आपल्या पाटलांचं असं काही झालं नाही, सगळी मतं एकाच पेटीत. मग एकच आडनाव इतक्यांचं असल्यावर ओळखायचं कसं? कोल्हापुरात पाटलांना आद्याक्षरांनी हाक मारतात, नाहीतर गाव जोडतात, ‘वडणग्याचे पाटील’. जर्मनीच्या संसदेतही एकाच नावाचे दोन खासदार असले की नावापुढं कंसात गाव लिहितात. इथला पाटील आणि तिथला म्युलर एकाच दुखण्यावर एकच औषध घेतात.

गावावरून आठवलं. ‘कर’ लावलेली आडनावं उलट्या चालीची. कोल्हापूरकर शोधायचा तर कोल्हापूर सोडून शोधावा. गावात सगळेच त्या गावचे, तिथं गावाच्या नावानं कुणाची ओळख पटणार? माणूस दुसरीकडं गेला की तिथले लोक त्याला मागल्या गावाचं नाव लावतात. जर्मनमध्ये ‘कर’चं काम ‘अर’ करतो, न्यूर्नबर्गचा तो न्यूर्नबर्गर. जहागीरदारांचं मात्र वेगळं, ते ज्या गावी बसले त्याचंच नाव घेतात.

इतिहासानं सरनोबतांवर आणखी एक डाव टाकला होता. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि दरबारी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणायचं ठरलं. त्यासाठी राज्यव्यवहारकोश झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, सरनोबताचा सेनापती झाला. कागदावर हे सगळं बदललं. पण लोकांच्या घरांवर चिकटलेली नावं कोण खरवडणार? मुजुमदार, सबनीस, चिटणीस, पोतनीस, सरनोबत आजही आपापल्या फाटकांवर आहेत. कोशानं रिटायर केलेले शब्द आडनावांनी पोसले.

आणि कोल्हापूर असं, की इथं दोन्ही राहिले. सरनोबतवाडी एका बाजूला, आणि कागल तालुक्यात ‘सेनापती कापशी’ नावाचं गाव दुसऱ्या बाजूला. संताजी घोरपड्यांच्या घराण्यातल्या कापशीकर शाखेकडं सेनापतीपद होतं, म्हणून गावालाच हुद्दा लागला. चपलेतला कापशी प्रकार ज्यांनी पायात घातलाय त्यांना गाव ठाऊक असेल, हुद्दा ठाऊक असेलच असं नाही. म्हणजे एकाच पदाची फारसी प्रत आणि संस्कृत प्रत, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या एसटीच्या तिकिटावर.

दुर्मीळ आडनाव टिकतं कसं, हा प्रश्न मात्र हुद्द्याच्या हिशेबात बसत नाही. तो इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं १८७३ मध्ये छापून विचारला होता. मोठमोठ्या घराण्यांची नावं बुडतात का? वॉटसन नावाच्या पाद्री-गणितज्ञानं उत्तर काढलं आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध आला. सूत्र साधं आहे. आडनाव मुलाकडून पुढं जातं असं धरलं, तर ज्या पिढीत मुलगाच नाही तिथं ते संपतं, आणि संपलेलं परत येत नाही. समजा एका घराचं नाव शंभर वर्षांत बुडण्याची शक्यता निम्मी आहे. घर एकच असेल तर नाणं उडवण्यासारखं. दहा घरं असतील तर दहाही बुडण्याची शक्यता १०२४ मध्ये एकदा. पाटील हजारो घरं, ते बुडण्याची कल्पनाही नको. वॉटसननं हिशेब थोडा चुकवून सगळीच आडनावं कधी ना कधी बुडणार असं म्हटलं होतं, ते पुढच्या गणितज्ञांनी दुरुस्त केलं.

पण त्या दोघांनी एक गोष्ट धरलीच नव्हती, दत्तक. ज्या १८७४ मध्ये निबंध आला त्याच वर्षी २६ जूनला कागलच्या घाटग्यांच्या घरी यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ ला ते करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि घाटगे होते ते भोसले झाले, शाहू छत्रपती झाले. पुढं १८९५ मध्ये गुळाची पेठ वसवली ती त्यांनीच, आणि तिला नाव पडलं शाहूपुरी. ज्या पेठेत बसून मी हे लिहितोय तिचं नावच एका बदललेल्या घराण्यातून आलंय. गाल्टनसाहेबांनी एकदा कोल्हापूरला यायला हवं होतं, समीकरणात एक पद वाढवलं असतं.

आणि मुली? २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीतली बरोबरी सुटेना. शूट-ऑफ झाला, पुन्हा झाला, आणि थायलंडच्या मुलीला मागं टाकून सुवर्णपदक घेतलं कोल्हापूरच्या राही सरनोबतनं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. पाळीवरच्या शिपायांच्या मुख्याचं नाव, आणि हातात पिस्तूल. दोनशे गडांपैकी कुठल्या गडावरून हे नाव उतरलं कोण जाणे, पण ते पालेमबांगपर्यंत चालत गेलं.

रिक्षा तोवर विमानतळाच्या वळणावर आली होती. पोराचा शेवटचा प्रश्न राहिला होता. “मग काका, पुढं सरपंच पण आडनाव होणार काय?”

म्हटलं, नाही रे. पाटीलकी, सरनोबती घरात मुरायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. सरपंचाला पाच वर्षं. शिवाय आरक्षणाची सोडत निघते, यंदा या गावाला, पुढच्या खेपेला त्या गावाला. कधी खुला, कधी महिला. सरनोबतवाडीतसुद्धा सरपंच बसतो तो पाळीपाळीनंच.

“म्हणजे नौबतीनं,” पोरगं म्हणालं, आणि रिक्षावाला हसला.