पोस्टफिक्सचा रोजचा अहवाल
स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तर पीएफलॉगसम जरूर लावा. पर्लमधली ही स्क्रिप्ट पोस्टफिक्सचा लॉग वाचून किती मेल गेले, किती अडकले, किती परत आले ते नीट मांडते. क्रॉनमध्ये पहाटेची वेळ द्या. मात्र लॉगरोटेट आधी चालला, तर कालच्या नोंदी जुन्या फाइलमध्ये जातात आणि अहवाल रिकामा येतो. म्हणून दोन्ही फाइल वाचायला द्या.

'डिफर्ड' किंवा 'बाउन्स्ड' दिसलं की त्या मेलचा क्यू आयडी लॉगमध्ये शोधा. समोरच्या सर्व्हरचं उत्तर तिथे असतं: ४५१ असेल तर पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करतो, ५५० म्हणजे साफ नकार. आणि 'सेंट' म्हणजे पुढच्या सर्व्हरने मेल घेतला एवढंच. तो स्पॅममध्येही पडलेला असू शकतो.