गद्दींचे ऋतुस्थलांतर
हिमाचल प्रदेशातील गद्दी या मेंढपाळ जमातीची हिवाळी व उन्हाळी वसतिस्थानांमधील नियमित ये-जा. चंबा जिल्ह्यातील भरमौर हा त्यांचा मूळ प्रदेश. तेथे बर्फ पडू लागताच अनेक कुटुंबे धौलाधार पर्वतरांगेच्या दक्षिणेस कांग्रा खोऱ्यात उतरतात. वसंत ऋतूत शेळ्यामेंढ्यांचे कळप पुन्हा वर निघतात. बर्फ वितळल्यावर काही कळप सु. ५,००० मी. उंचीची कुगती खिंड ओलांडून लाहूलच्या कुरणांत जातात.

हा प्रवास मुक्काम करीत, अनेक आठवडे चालतो. उंचीनुसार गवत खालून वर क्रमाक्रमाने उगवते व कळप त्याच्यामागून सरकतात. या संथ चढणीमुळे शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो : श्वसन जलद होते आणि कालांतराने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. म्हणून वाटेवरील चराऊ जागा दोन्ही टोकांच्या कुरणांइतक्याच आवश्यक ठरतात. रस्ते, धरणे व चराईबंदी यांमुळे मधले मुक्काम तुटल्यास केवळ वाट नव्हे, तर हा जुळवणीचा काळही हरपतो. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य झाला आहे.