चुंबकीय खुर्चीचा उपचार

जोरात खोकला आला, शिंक आली, पाण्याने भरलेली बादली उचलली की थोडी लघवी सुटते. बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या सुमारास असंख्य स्त्रियांना हा त्रास सुरू होतो आणि त्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं तो कोणाजवळ बोलत नाहीत. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर सकाळपासून पाणी पिणं बंद करतात, लग्नकार्याला गडद रंगाचीच साडी नेसतात. ‘वय झालं की असं व्हायचंच’ ही समजूत त्यांना गप्प बसवते. ती चुकीची आहे. यावर उपचार आहेत.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू झोळीच बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. झोळी सैल पडली की पोटातला दाब वाढताच मूत्रमार्ग घट्ट मिटत नाही. हे स्नायू व्यायामाने बळकट होतात, हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलं. आजही पहिला उपचार तोच. पण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. अनेकींकडून भलतंच, म्हणजे पोट किंवा मांड्या आवळल्या जातात.

इथे चुंबक कामी येतो. चुंबकीय खुर्चीच्या बैठकीखाली तारेची गुंडाळी असते. तिच्यातून विजेचे क्षणिक, जोरदार ठोके सोडले की झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवलं होतं. इथे वाहक म्हणजे आपलंच शरीर. त्या सूक्ष्म प्रवाहाने ओटीपोटाच्या तळाच्या नसा चेतवल्या जातात आणि स्नायू आपोआप आवळले जातात, सैलावतात, पुन्हा आवळले जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा खुर्चीला 1998 मध्ये मान्यता दिली.

थेट विजेने हे स्नायू चेतवण्याच्या उपचारात बहुधा योनीत प्रोब ठेवावा लागतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र कपडे आणि कातडी आड येत नाहीत. साडी किंवा सलवार न उतरवता वीसेक मिनिटं नुसतं बसायचं असतं. संकोचापायी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, असं मला वाटतं.

गुण येतो का? मलेशियात पेनांगला 120 स्त्रियांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना खरा उपचार मिळाला, निम्म्या जणी तशाच खुर्चीत बसल्या, पण चुंबकीय झोत योग्य जागी पोहोचणार नाही अशी व्यवस्था केलेली होती. आठवड्यातून दोनदा, दोन महिने. खऱ्या उपचाराने 60 पैकी 45 जणींना चांगला फरक पडला. नुसत्या बसलेल्यांपैकी 13 जणींनाही पडला! म्हणूनच अशी तुलना हवी. नाहीतर मनाच्या विश्वासाचं श्रेय यंत्राला गेलं असतं. ही चाचणी खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवरची होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

खुर्चीच्या जाहिराती ‘व्यायामाची गरजच नाही’ असं सांगत असतील तर त्यावर विश्वास ठेवू नका. आधी जाणकार फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून किमान तीन महिने करा. तेवढ्याने भागलं नाही, तर खुर्चीचा विचार करा. पेसमेकर असेल, कमरेत किंवा खुब्यात धातू बसवलेला असेल, तांबी असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना ते आधीच सांगा.